फोटोतल्या माणसावर आग दाखवताय? या चुका टाळा

सोलापुरात फ्लेक्सचं डिझाइन करणाऱ्याची आगीपासून सुटका नाही. शिवजयंती असो, गणपती असो की तालमीचा कार्यक्रम, गिऱ्हाईक खुर्ची ओढून शेजारी बसतं, मोबाइलमधला फोटो दाखवतं आणि म्हणतं, "ह्याच्या हातातनं आग निघायल्यासारखं करा की ओ." करून द्यायला माझी काहीच हरकत नाही, मला हे काम मनापासून आवडतं. म्हणूनच चौकात टांगलेली कागदी आग बघितली की जीव तळमळतो. चुका दरवेळी त्याच असतात. माझ्याकडे शिकायला येणारी पोरंही पहिल्या आठवड्यात नेमक्या त्याच करतात.

ज्वाळा चिकटवली, उजेड द्यायचा राहिला

ही सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या सगळ्या टाळल्या आणि ही राहिली, तरी काम फसलं म्हणून समजा.

मागच्या मे महिन्यात एका पोरानं कबड्डीपटूचा फोटो आणला. भर दुपारी मैदानावर काढलेला. ऊन डोक्यावर, नाकाची सावली ओठांवर पडलेली, मागं पांढरंफट्ट आभाळ. त्यानं फोटोशॉपमध्ये दोन्ही हातांवर ज्वाळांची लेयर, म्हणजे वेगळा थर, ठेवली, ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते) स्क्रीन केला आणि ज्वाळा दिसेचनात. मग त्या लेयरच्या पाच कॉप्या मारल्या. हाताभोवती फिकट पिवळा गोळा तयार झाला, पण आग काही झाली नाही. त्याला वाटलं, नेटवरून घेतलेला आगीचा फोटोच खराब आहे.

फोटो चांगला होता. स्क्रीन मोड खालच्या रंगात उजेड मिळवतो. काळ्यावर ज्वाळा पूर्ण उमटते, पांढऱ्यावर मिळवायला जागाच उरत नाही. खरी आगही तशीच वागते. सोलापूरच्या दुपारी चूल पेटवली तर ज्वाळा धड दिसत नाही, नुसती झळ लागते. तीच चूल रात्री अख्खं अंगण उजळते. त्यामुळे आग लावण्याआधी फोटोतली दुपार घालवावी लागते. मी कर्व्ह्जनं, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करणाऱ्या रेघेनं, फोटो निम्म्याहून जास्त काळोखात नेतो, थोडा निळा टाकतो, आभाळ बदलतो. पोरांना इथं धीर धरवत नाही. गिऱ्हाइकाचा चेहरा काळा पडला म्हणून घाबरतात. पडू दे. चेहरा आगीच्या उजेडात परत वर येणारच आहे.

दुसरी गोष्ट त्याच फोटोतली. हातावर ज्वाळा, पण त्याच हाताच्या कोपराला त्याचा पत्ता नाही. हनुवटी कोरडी, बनियनचा रंग जसाच्या तसा. आग मनगटावर असेल तर तिचा उजेड दंडाच्या आतल्या बाजूला, बरगडीवर, हनुवटीच्या खालून आणि भुवईच्या हाडाखाली लागला पाहिजे. नाकाची सावली वर सरकली पाहिजे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होमप्रदीपनाच्या रात्री सगळे अग्नीकडे बघतात, तेव्हा मी बघणाऱ्यांकडे बघत उभा राहतो. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस अग्नीसमोर आला की आगीकडची बाही केशरी होते. पाठीकडची बाजू निळसर राखाडीच राहते. प्रत्येक चुणीची एक कड पेटलेली आणि दुसरी विझलेली दिसते. माणूस दोन पावलं मागं सरला की तो केशरी रंग लगेच उतरतो. पांढऱ्या कापडावर आग कशी वाचायची, हे मला तिथं कळलं.

म्हणून माझी सवय अशी आहे. ज्वाळांची लेयर ठेवतो आणि तिचा डोळा बंद करतो, म्हणजे ती तात्पुरती लपवतो. माणसाच्या लेयरला क्लिप केलेली, म्हणजे रंग माणसाबाहेर जाऊ न देणारी, नवी लेयर घेतो, मोड कलर डॉज (खालचा रंग उजळवणारा), रंग गडद नारिंगी, ब्रश मऊ आणि फ्लो, म्हणजे ब्रशातून उतरणारा रंग, दहा टक्क्यांच्या आसपास. आग जिथं असणार आहे, तिकडच्या कडा हळूहळू रंगवत जातो. कलर डॉज अगदी काळ्या भागाला हात लावत नाही, त्यामुळे चुण्यांमधला अंधार टिकतो. ज्वाळा नसतानाही "इथं जवळ काहीतरी पेटलंय" असं फोटो बघून वाटलं पाहिजे. तसं वाटेपर्यंत मी ज्वाळांचा डोळा उघडत नाही. याला दोन तास लागतात. पाच मिनिटांत होतं म्हणणाऱ्यांचं काम मी बघितलंय, ते लांबूनच ओळखू येतं.

ज्वाळेभोवतीचा चौकोन

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. एका तालमीचा बोर्ड होता, वीस बाय दहा फूट, पाठीमागून ट्यूब लावलेला. पैलवानाच्या दोन्ही खांद्यांवर ज्वाळा. मॉनिटरवर काम सुरेख दिसत होतं, मालकही खूश होते. संध्याकाळी बोर्ड चढला, ट्यूब लागल्या आणि प्रत्येक ज्वाळेभोवती एकेक फिकट चौकोन उमटला. अंधारात काचेचे तुकडे चिकटवल्यासारखे सात चौकोन. कार्यकर्ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. रात्रीतून दुरुस्त करून दुसरा फ्लेक्स माझ्या खर्चानं काढला आणि सकाळी शिडीवर चढून स्वतः लावला.

चूक पूर्णपणे माझी होती. काळ्या पार्श्वभूमीवरचा आगीचा फोटो खरं तर पूर्ण काळा नसतो. काळ्याचा आकडा शून्य हवा, तिथं दहा-पंधरा असतो. डोळ्याला तो काळाच वाटतो, पण स्क्रीन मोड ते दहा-पंधरा इमानदारीनं खालच्या रंगात मिळवतो. मॉनिटरवर हे लपतं. मागून उजेड टाकला की उघडं पडतं.

उपाय सोपा आहे. आगीचा फोटो कामात घेण्याआधीच लेव्हल्समधला डावा काळा त्रिकोण उजवीकडे सरकवा, वीस-पंचवीसपर्यंत. मग मास्कवर (लेयरचा नको तो भाग झाकणाऱ्या पडद्यावर) मोठ्या मऊ काळ्या ब्रशनं चारी कडा पुसून घ्या. शेवटी सगळ्यात वर एक कर्व्ह्जची लेयर टाका आणि रेघ पार वर ओढा. फोटो भडक होईल, होऊ दे. लपलेला प्रत्येक चौकोन, प्रत्येक अर्धवट पुसलेली कड त्यात दिसते. दिसलेलं पुसा आणि ती लेयर काढून टाका. त्या बोर्डानंतर ही तपासणी केल्याशिवाय माझ्याकडून एकही फाइल बाहेर गेलेली नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

नेटवरची "फायर पीएनजी", म्हणजे पार्श्वभूमी कापून काढलेली तयार आग, वापरू नका. ज्वाळेची कड अर्धपारदर्शक असते. ती कुणीतरी घाईनं कापलेली असते आणि कडेला पांढुरकी किनार राहते. काळ्यावरचा साधा जेपीजी केव्हाही बरा.

एकच ज्वाळा चार ठिकाणी लावली की ती लहान पोरालाही कळते. निदान तीन वेगळे फोटो घ्या. आडवी उलटवली तर चालते. उभी उलटवायची नाही, कारण गरम हवा वर जाते आणि ज्वाळाही वरच जाते. माणूस पळत असेल तर ती मागं ओढली जाते. त्यासाठी वार्प (फोटो वाकवणारं साधन) वापरा, आणि हाताच्या गोलाईवर बसवायला लिक्विफाय (ब्रशनं फोटो ओढणारं).

सगळी आग माणसाच्या पुढं ठेवू नका. थोडी पाठीमागं, थोडी पुढं. पाठीमागची किंचित धूसर करा. पुढची चेहऱ्यावर अजिबात नको. गिऱ्हाईक म्हणतंच, "अजून वाढवा, कमी दिसायलीय." तेव्हा ज्वाळा वाढवू नका, आजूबाजूचा अंधार वाढवा. आग आपोआप मोठी वाटते.

आग लालभडक करू नका. ज्वाळेचा पिवळा रंग म्हणजे तापून चमकणारी काजळी. बुडाशी आणि पोटात ती फिकट पिवळी असते, वर नारिंगी, आणि लाल फक्त पातळ शेवटाला.

ठिणग्या मोजक्याच ठेवा. सगळ्या एका आकाराच्या नकोत.

फोटोशॉपमध्ये फिल्टरच्या मेनूत रेंडरखाली फ्लेम नावाचा फिल्टर आहे, पाथ, म्हणजे रेघ, काढला की त्यावर ज्वाळा उगवतात. मशालीसारख्या छोट्या कामाला ठीक आहे. माणसाच्या अंगावर तो प्लास्टिकसारखा दिसतो. शिकणाऱ्यानं पहिली दोन वर्षं त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि फाइल आरजीबीमध्येच, म्हणजे मॉनिटरच्या रंगांतच, पूर्ण करा. लेयर उघड्या ठेवून सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) केलं की स्क्रीन मोडचं गणित बदलतं आणि आग मळकट होते. आधी फ्लॅटन (सगळ्या लेयर एक करा), मग सीएमवायके, मग रंग थोडे सावरून घ्या.

ज्वाळा स्वतःच्या हव्यात

मी नेटवरचे फोटो जवळजवळ सोडले आहेत. आपल्याकडे ज्वारीचा मुलूख, कडब्याला तोटा नाही. वाळलेल्या कडब्याची पेंढी रात्री मोकळ्या रानात पेटवली की उंच, फाटलेल्या, जिवंत ज्वाळा मिळतात. गोवरीची आग बुटकी, ती पायाजवळ चालते. कापराची ज्योत काळी काजळी सोडते, तिच्यातून धूर मिळतो. वारा नसलेली रात्र बघा, आसपास दुसरा कडबा किंवा गंजी नको, पाण्याच्या दोन बादल्या आणि एक माणूस सोबत हवाच.

कॅमेरा ऑटोवर ठेवू नका. तो अंधार बघून उजेड वाढवतो आणि ज्वाळेचं पोट पांढरं जळून जातं. त्यात नंतर काही भरता येत नाही. शटर पाचशेच्या पुढं, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून वेगवान, ठेवा म्हणजे ज्वाळेची बोटं सुटी गोठतात, आणि फोटो मुद्दाम काळसर येऊ द्या. एक पेंढी मिनिटभरात संपते. तेवढ्यात साठ-सत्तर फोटो होतात, त्यातले पाच-सहा कामाचे निघतात. मागच्या होळीनंतर मी एका मित्राच्या रानात सहा पेंढ्या जाळल्या होत्या. त्या रात्रीच्या ज्वाळा अजून पुरतायत.