लहान मूल घेऊन बर्गनला येताय? या चुका टाळा

मे ते ऑगस्ट हा आमच्याकडे, नॉर्वेतल्या बर्गनला, पाहुण्यांचा सीझन. पुणे, ठाणे, नाशिक, शिवाय लंडन-फ्रँकफर्टला राहणारे आपले लोक, आणि बहुतेकांच्या कडेवर दोन-तीन वर्षांचं पिल्लू असतंच. बर्गन लहान मुलांसाठी फार छान गाव आहे हो, समुद्र, डोंगर, ट्राम, बोटी, मत्स्यालय सगळं हाताशी, आणि तरी जो येतो तो त्याच चुका करतो आणि त्रास त्या पोराला होतो. दरवेळी फोनवर तेच सांगून कंटाळा आला, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

एका दिवसात सगळा फियोर्ड उरकणं

फियोर्ड म्हणजे उंच डोंगरांमधून आत शिरलेला समुद्र, आणि तो एका दिवसात उरकणं ही सगळ्यात मोठी चूक. प्लॅन असा असतो: बर्गनहून ट्रेनने वॉस, तिथून बसने गुडवांगेन, मग नॅरॉयफियोर्डमधून दोन तासांची बोट, फ्लोमला उतरून तिथली डोंगरातली रेल्वे, वर मिर्दालला गाडी बदलायची आणि संध्याकाळी बर्गनला परत. रूट अप्रतिम आहे यात वादच नाही, नॅरॉयफियोर्ड २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पण रीलमध्ये जे मिनिटभरात दिसतं त्याला प्रत्यक्षात सकाळपासून रात्रीपर्यंतचा वेळ लागतो, पाच वेळा वाहनात चढायचं आणि प्रत्येक ठिकाणी थांबायचं. मोठी माणसं दमतात, तिथे अडीच वर्षांच्या मुलाचं काय होणार?

माझी मामेबहीण मे महिन्यात आली होती. मी सांगत होते की फ्लोमला एक रात्र राहा, दोन दिवसात निवांत करा. दाजी म्हणाले तिकिटं काढून झालीत, पोरगं बोटीत झोपेल. बोटीत कोण झोपतंय! सीगल ओरडतायत, सगळे डेकवर, तो दोन तास टक्क जागा. फ्लोमला रेल्वेत बसेपर्यंत झोपेची वेळ टळून गेलेली आणि भुकेने किरकिर सुरू. ही रेल्वे वाटेत शोसफॉसेन धबधब्यापाशी थांबते, सगळे फोटोला खाली उतरतात. मे म्हणजे वरचं बर्फ वितळायचा काळ, धबधबा फुल जोरात, प्लॅटफॉर्मवर तुषार नाही, चक्क सडा पडतो. दाजी त्याला घेऊन पार कठड्यापर्यंत गेले. अंगात सुती ट्रॅकपँट, पायात कॅनव्हासचे बूट, दोन्ही चिंब. आणि शेवटचं स्टेशन मिर्दाल, ८६७ मीटर उंचीवर, आजूबाजूला अजून बर्फ, बोचरा वारा, बर्गनची गाडी लेट, वेटिंग रूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. कोरडे कपडे कुठे? सुटकेसमध्ये, आमच्या घरी. बहिणीचा तिथून फोन आला तेव्हा मागे त्याच्या रडण्याचा आवाज ऐकून मलाच भरून आलं. शेवटी शेजारच्या एका बाईंनी आपल्या बॅगेतून लोकरीचे मोजे काढून दिले. पुढचे दोन दिवस ट्रेन दिसली की तो आईला घट्ट धरायचा.

माझा नियम साधा आहे, लहान मूल असेल तर दिवसाला एकच मोठी गोष्ट, तीही दुपारच्या झोपेच्या आधी. फियोर्डच बघायचा असेल तर बर्गनच्या बंदरातूनच मोस्ट्राउमेनला बोट जाते, साधारण साडेतीन तासात परत, आत बसायला उबदार जागा आणि टॉयलेट असतं. फ्लोम करायचंच असेल तर तिथे मुक्काम करा. "एवढ्या लांब आलोय तर सगळं बघून घेऊ" हे वाक्य लहान मुलाच्या ट्रिपमध्ये नकोच.

कपडे

बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लोक म्हणतात आम्हाला मुंबईच्या पावसाची सवय आहे. अहो, मुंबईचा पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि तो कोमट असतो, इथला बारा महिने वाटून पडतो आणि जुलैतसुद्धा पारा १२-१३ वर असू शकतो. भिजलेलं सुती कापड लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं, त्यामुळे जीन्स आणि कॉटनचे लेगिंग्ज घरीच ठेवा. अंगालगत पातळ लोकरीचे कपडे, त्यावर फ्लीस, वरून रबरी रेनसूट आणि गमबूट. इथल्या पाळणाघरातली मुलं असेच कपडे घालून भर पावसात चिखलात खेळतात आणि मजेत असतात. तो मनाली छाप जाडजूड जॅकेट प्रकार आणू नका, मूल आत घामाने भिजतं आणि मग गारठतं. छत्रीचा उपयोग नाही, वाऱ्याने उलटी होते. रेनसूट इथे येऊन घेतलात तरी चालेल, फ्रेटेक्ससारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मुलांचे चांगले कपडे स्वस्तात मिळतात. आणि मोज्यांचा एक जादा जोड आणि पँट कायम हातातल्या बॅगेत. सुटकेसमध्ये नाही, हातातल्या बॅगेत.

मूल पहाटे चारला उठतं, मग काय

उन्हाळ्यात भारत नॉर्वेच्या साडेतीन तास पुढे, म्हणजे घरी साडेसातला उठणारं मूल इथे पहाटे चारला टुणकन उठणार. त्यात जूनमध्ये सूर्य उगवतो चारच्या सुमाराला आणि मावळतो रात्री अकरानंतर, म्हणजे बाहेर लख्ख उजेड. लोक त्याला परत झोपवायला दोन तास झटापट करतात. कशाला? पहिले दोन-तीन दिवस त्याच्या वेळेने चला, दूध-खाणं आटपून बंदरावर चक्कर मारा, ब्रिगेनची जुनी लाकडी घरं गर्दी नसताना बघा, आणि संध्याकाळी सहालाच झोपवा. खिडकीला लावायला गडद चादर आणि चिकटपट्टी घेऊन या. मी पाहुण्यांच्या खोलीत काळ्या कचऱ्याच्या पिशव्या लावते, दिसायला वाईट पण झोप लागते.

तूप आणि दुधाचे पदार्थ सामानात भरणं

युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा काही नाही. आजी प्रेमाने भरून देते, पण तिला आधीच सांगा. बाळाची सीलबंद दूध पावडर मर्यादित प्रमाणात चालते. मेतकूट, भाजलेली खिचडीची डाळ-तांदूळ, नाचणीचं सत्त्व खुशाल आणा. तूप मी इथेच बिनमिठाच्या लोण्याचं कढवते, पाकिटावर 'उसाल्टेट' बघून घ्या, नाहीतर खारट तूप होतं. दुधाच्या फ्रिजमध्ये 'हेलमेल्क' म्हणजे साय न काढलेलं दूध. 'कुल्टुरमेल्क' घेऊ नका, ते ताकासारखं आंबट असतं, मूल पहिल्या घोटाला थुंकतं. मऊ भाताला 'ग्रॉटरिस' नावाचा तांदूळ छान शिजतो. आणि हे सगळं शनिवारीच आणा, रविवारी मोठी दुकानं बंद.

नकाशावरचं अंतर बघून घर बुक करणं

"बंदरापासून फक्त चारशे मीटर!" हो, पण ते चारशे मीटर डोंगर चढून, अरुंद दगडी पायऱ्यांवरून. स्ट्रोलर, सुटकेस आणि झोपलेलं मूल घेऊन पावसात चढून दाखवा. बुक करण्याआधी रस्त्याचे फोटो बघा, लिफ्ट आहे का विचारा. ट्रामच्या स्टॉपजवळ थोडं लांब राहिलात तरी चालेल, एअरपोर्टहून ट्राम थेट गावात येते, पाऊण तास लागतो, सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही आणि स्ट्रोलर सरळ आत ढकलता येतो. गावात फिरायला मात्र मूल अंगाला बांधायचा कॅरियर हवाच, ब्रिगेनच्या बोळात लाकडी फळ्यांवर चाकं अडकतात.

बाकीच्या पटापट सांगते. युरो आणू नका, इथे क्रोन चालतो आणि सगळीकडे कार्ड. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम आहे. मासळी बाजार बघा, पण जेवायला दुसरीकडे जा. सहा वर्षांखालच्या मुलाला शेंगेन व्हिसाची फी नाही, पण अर्ज आणि विमा वेगळा लागतो. गाडी भाड्याने घेणार असाल तर चाइल्ड सीट आधीच सांगून ठेवा, मांडीवर मूल घेऊन इथे चालत नाही.

गावालगतच्या फ्लॉयेन डोंगरावर जायचं तर १९१८ पासून चालू असलेली डोंगरगाडी आहे, काही मिनिटांत ३२० मीटरवर. लोक वर जातात, फोटो काढतात, वीस मिनिटांत खाली. असं करू नका! वर मोठं खेळायचं मैदान आहे, उन्हाळ्यात मोकळ्या फिरणाऱ्या शेळ्या असतात, जंगलात सपाट वाट आहे. डबा घेऊन जा आणि अर्धा दिवस तिथेच काढा, पाऊस असला तरी.

आणि रात्री मूल आजारी पडलं तर गुगल करत बसू नका, ११६११७ ला फोन लावा, डॉक्टरकडे कधी आणि कुठे जायचं ते इंग्लिशमध्ये सांगतात. श्वासाचा त्रास किंवा तसंच गंभीर काही असेल तर थेट ११३. दोन्ही नंबर विमानात बसायच्या आधी फोनमध्ये सेव्ह करा, आईच्याही आणि बाबांच्याही.