गावच्या वाचनालयातनं उतारा, रेशन, अर्जाची माहिती ऑनलाइन कशी द्यायची (बेळगाव-खानापूरकडच्यांसाठी)

आमच्याकडं अजून कुणाला जमिनीचा उतारा बघायचा असला की एक दिवसाची मजुरी बुडवून, बस धरून माणूस तालुक्याला जातो. कर्नाटकात उतारे कम्प्युटरवर येऊन किती वर्षं झाली बघा, भूमी योजना 2000 च्या आसपासची, तेव्हाच दोन कोटीभर उतारे चढवलेत. माहिती आहे, फोन घरोघरी आहे, अडतंय कुठं तर पान कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये आणि आपला माणूस मराठी. हे मधलं काम गावचं वाचनालय, तरुण मंडळ, अगदी झेरॉक्सचं दुकानसुद्धा करू शकतंय. मी दोन वर्षं हेच करायलोय, म्हणून लिहितो.

आधी वही, मग वेबसाइट

माझी पहिली चूक म्हणजे मी चाळीस लिंका गोळा करून एक पान बनवलं, खात्यांप्रमाणं लावलं, ग्रुपवर टाकलं. लोकांनी अंगठे दिले आणि कुणी उघडलं नाही. कारण कोण येऊन "महसूल खात्याचं पोर्टल द्या" म्हणतंय? येतात ते "सोसायटीचा बोजा अजून उताऱ्यावर हाय काय बघा की" म्हणत येतात. तर पंधरा दिवस नुसती एक वही ठेवा आणि माणूस बोलला तस्संच लिहा. आमच्या वहीत तेच पाच-सहा प्रश्न फिरून फिरून आले: उतारा आणि बोजा, गृहलक्ष्मीचे (घरच्या कर्त्या बाईला सरकार महिन्याला देतंय ते) 2,000 जमा झाले काय, रेशन कार्डात सुनेचं नाव आलं काय, जात-उत्पन्नाचा दाखला कुठवर आलाय, आणि एका काकांचा खास प्रश्न, पंचायतीनं आमच्या गल्लीच्या गटारीवर किती पैसे दाखवलेत.

प्रश्नाला पान जोडा

उताऱ्याला भूमी. दाखल्याला नाडकचेरीचं, म्हणजे दाखले देणाऱ्या महसुली कचेरीचं पान. बाकी बऱ्याच अर्जांना सेवा सिंधू, म्हणजे सरकारी सेवांचे अर्ज ऑनलाइन भरायचं पान. गृहलक्ष्मीला डीबीटी कर्नाटक ॲप, सरकारी पैसे थेट खात्यात आले काय ते त्यात दिसतंय. आणि गटारीवाल्या काकांसाठी माहिती कणज. कणज म्हणजे कन्नडमध्ये धान्याची कणगी, नाव सांगितल्यावर आमच्या आज्जीला ते माझ्याआधी कळलं. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे की बरीचशी माहिती कुणी मागायच्या आधीच सरकारनं उघडी करून ठेवायची, त्याच्यातनं हे पान आलंय. लॉगिन लागत नाही, जिल्हा-तालुका-पंचायत निवडायची आणि बघायचं.

एक बघा, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असलं तरच लिंक घ्या, सारख्या नावाची पैसे उकळणारी पानं लई आहेत.

उतारा काढायला शिका आणि शिकवा

हे एक जमलं की निम्मे लोक खूश. भूमीच्या पानावर उतारा बघायचा पर्याय उघडा. जिल्ह्याच्या यादीत बेळगाव नाही, बेळगावी शोधा, 2014 च्या नोव्हेंबरात नाव बदललंय. मग तालुका, मग होबळी, म्हणजे तालुक्यातला काही गावांचा महसुली गट. इथं आपली माणसं अडकतात, कारण गाव कुठल्या तालुक्यात ते माहीत असतंय पण कुठल्या होबळीत ते कुणी विचारलेलंच नसतंय. खानापुरात जांबोटी, गुंजी, बिडी अशा होबळ्या आहेत, तुमच्या आजूबाजूच्या सगळ्या गावांची होबळी एकदा लिहून भिंतीला लावा. गाव निवडून सर्व्हे नंबर घातला आणि गो दाबलं की पुढं सर्नोक (सर्व्हे नंबरचा पोटभाग) म्हणून एक खाना येतो, बहुतेक वेळा त्यात नुसती चांदणी असते, घाबरू नका, तीच निवडा. मग हिस्सा, मग साल, झालं.

समोर आलेला कागद वाचायचा कसा, तर रकाना 9 मध्ये मालकाचं नाव आणि 11 मध्ये कर्ज-बोजा. नावात "बिन" दिसलं तर अमक्याचा मुलगा, "कोम" दिसलं तर अमक्याची बायको, जुन्या मराठी कागदात पण हेच शब्द असायचे. "विस्तीर्ण" लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका, ते नुसतं क्षेत्र आहे, एकर-गुंठ्यात, 40 गुंठ्याचा एकर. आणि हे आधीच सांगा की फुकट दिसणारा उतारा बघण्यापुरता, बँकेला द्यायचा तो पैसे भरून काढावा लागतोय, नाहीतर माणूस बँकेतनं परत येतो आणि शिव्या तुम्हाला.

आता मराठी पान बनवा

गुगल साइट्सवर फुकट होतंय. मथळे वहीतल्या भाषेत ठेवा, "बोजा उतरला काय?" असंच. युनिकोडमध्ये टाइप करा, मी सुरुवातीला डीटीपीवाल्याकडनं जुन्या फॉन्टमधला मजकूर आणून चिकटवला, फोनवर नुसत्या किड्या-मुंग्या. स्क्रीनचे फोटो काढून बटणांवर बाण मारा आणि बाजूला कन्नड शब्दाचा उच्चार द्या: हेसरु म्हणजे नाव, अर्जी म्हणजे अर्ज, हुडुकु म्हणजे शोधा, सल्लिसी म्हणजे अर्ज पाठवायचं बटण. वीसेक शब्दांत भागतंय. गुगल लेन्स कन्नड वाचतंय पण आडनावांचंपण भाषांतर करून टाकतंय, तेव्हा नावं कन्नड येणाऱ्या कुणाकडनं तरी तपासून घ्या, गावात असतातच की. पानाचा क्यूआर छापून डेअरीत आणि बसस्टॉपवर लावा.

बसायचं कधी, काय पाळायचं

संध्याकाळी 6 ते 8, लोक रानातनं आल्यावर. जांबोटीकडं रेंज येते-जाते, त्यामुळं सारखे लागणारे अर्ज पीडीएफ करून आधीच ठेवा. ओटीपी ज्याचा त्यानंच टाकायचा, आधारचा फोटो कुणाच्या फोनमध्ये ठेवायचा नाही, लॅपटॉपवरचा डाउनलोड फोल्डर रोज रिकामा. ह्यात ओळख-पाळख बघायची नाही, चुलत्यालासुद्धा हाच नियम.

अर्ज केलेल्याची पोचपावती बघा, त्यावर सकालचा (ठरल्या मुदतीत काम करून द्यायची कर्नाटकाची योजना) 15 आकडी नंबर असतो, त्यावरनं अर्ज कुठं अडकलाय ते ऑनलाइन दिसतंय. तो नंबर माणसाच्या हातात लिहून द्या, पावती हरवते.

आणि कुठंच माहिती मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, त्याचं पण कर्नाटकाचं ऑनलाइन पान आहे. फी 10 रुपये, बीपीएलवाल्यांना तीपण नाही, उत्तराला 30 दिवस. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, हे आपल्या लोकांना सगळ्यात अवघड जातंय, कारण गाऱ्हाणं आजोबापासनं सुरू होतंय. सगळं ऐकून घ्या आणि शेवटचा प्रश्न तेवढा लिहा. गटारीवाल्या काकांचा अर्ज आम्ही 38 शब्दांत बसवला.

महिन्याच्या एक तारखेला सगळ्या लिंका एकदा दाबून बघा, पानं हलतात. वही चालूच ठेवा. आमच्यात गेल्या आठवड्यात गावठाणातल्या घराच्या ई-खात्याचं (मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचं) विचारायला चार जण आले, म्हणून आता ई-स्वत्तूचं, म्हणजे पंचायतीतल्या मालमत्तांच्या नोंदीचं पान बघायलोय, नमुना 9 आणि 11 चे फोटो बाण मारून झाले की चढवतो.