नाशकात जुन्या काळातला डिटेक्टिव्ह एपिसोड शूट करायचाय? आधी साल ठरवा

हौशी नाटकवाले असोत की युट्यूबवर काहीतरी करू बघणारी कॉलेजची पोरं, जुन्या काळातला डिटेक्टिव्ह एपिसोड करायचा म्हटलं की सगळे लांब कोट आणि टोपी शोधायला निघतात. ते नंतर बघू. पहिलं काम म्हणजे साल पक्कं करा, "साधारण जुना काळ" चालणार नाही. डेव्हिड सुशेची पॉयरो ही डिटेक्टिव्ह मालिका बघा, अगाथा ख्रिस्तीच्या मूळ गोष्टी कितीतरी वर्षांच्या अंतरानं लिहिलेल्या, पण मालिकेत बहुतेक सगळ्या १९३० च्या दशकात आणून बसवल्यात, म्हणून गाडीपासून दिव्यापर्यंत सगळं एका घरातलं वाटतं.

साल ठरलं की क्लू त्याच सालातून काढायचा. हे लोक करतच नाहीत, खून आजचा, कोडं आजचं आणि अंगावर फक्त धोतर. समजा १९७४ घेतलं. सराफ बाजारातल्या एका पेढीवर, मालकानं एका म्हाताऱ्याचं कर्ज फेडल्याची पावती निघते, तारीख १९६९ ची, सही बरोबर, कागद पिवळा पडलेला, आणि ज्यानं सही केली तो म्हातारा आठवड्यापूर्वी मेलेला. आता पावतीचं छापील लेटरहेड बघा, पत्त्याखाली लिहिलंय नाशिक ४२२००१. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला! म्हणजे पावती मागाहून केलेली, आणि म्हातारा कुणाला नको होता तेही कळलं.

पण हे शेवटी एकदम काढलंत तर बघणारा शिव्या घालेल, आधी पेरायला पाहिजे. म्हणून आपला डिटेक्टिव्ह पोस्टात सॉर्टिंग करणारा ठेवा, पहिल्याच सीनमध्ये तो करवादतोय की दोन वर्षं झाली पिनकोड येऊन तरी लोक लिहीत नाहीत, समोरचा म्हणतो अहो चहा घ्या, आणि बघणारा हसून विसरून जातो. तसंही नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२६ पासून टपालाची तिकिटं छापतायत, इथल्या माणसाला टपालातलं कळतं हे कुणाला खोटं वाटणार नाही.

लोकेशन मोठं लागत नाही. दूरदर्शनवर १९९३ मध्ये आलेल्या बासू चॅटर्जींच्या ब्योमकेश बक्षीचा पहिला एपिसोड, 'सत्यान्वेषी', कलकत्त्यातल्या एका मेसभोवती, म्हणजे राहण्या-जेवणाच्या लॉजभोवती फिरतो. राहणारी मोजकी माणसं, एक होमिओपॅथीचा डॉक्टर आणि रात्रीत झालेला खून. आपल्याकडे जुन्या नाशकात, पंचवटीत वाडे आहेत अजून, ओळख काढा, मालकांना आधी जाऊन नीट भेटा. पावसाळ्यात मात्र नको, तेव्हा जुन्या भिंती कधी बसतील नेम नसतो, आणि एरवीही माडीवर सगळं युनिट एकदम चढवू नका, लाकडी तुळया आहेत त्या. गोदाघाटावर सीन असेल तर उजाडता उजाडता उरका, नंतर गर्दी आणि प्रत्येक फ्रेममध्ये कुणाच्या तरी हातात मोबाइल.

वाड्यात गेल्यावर कॅमेरा लावायच्या आधी त्याच उंचीवरून एकदा नुसतं बघा. पांढरा नवा स्विचबोर्ड दिसेल, त्यावर कॅलेंडर टांगा. इथंही साल बघायचंय, कालनिर्णय १९७३ पासूनचं, म्हणजे १९७४ च्या भिंतीवर चालेल पण १९६९ च्या फ्लॅशबॅकमध्ये दिसलं तर कमेंटमध्ये काका लोक सोडणार नाहीत. (जुनं कॅलेंडर मिळत नसेल तर २०१९ चे तारीख-वार १९७४ शी जुळतात, लांबून खपून जातं. तिथ्या जुळत नाहीत, त्यामुळे क्लोजअप नको, आणि डायलॉगमध्ये अमावास्या म्हणायची असेल तर १९७४ चं पंचांग बघूनच म्हणा.)

बाकी भराभर सांगतो. घरात टीव्ही नको, मुंबई दूरदर्शनच २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, म्हणजे १९७४ ला ते अजून नवंच, रेडिओ ठेवा. गाडी मिळालीच तर फियाट किंवा अँबॅसिडर, पण एमएच १५ ची पाटी दिसू देऊ नका, ती पद्धत १९८९ पासूनची. नाणी जुन्या सराफाकडे विचारा, कमळाचं पिवळं वीस पैशाचं मिळालं तर एकदा टेबलावर वाजवून घ्या, मस्त वाटतं. आवाज शक्यतो नंतर डब करा, रिक्षाचे हॉर्न काही केल्या थांबत नाहीत.

शेवटचा सीन लोक फार लांबवतात. सगळ्यांना ओट्यावर बसवायचं ठीक आहे, पण दहा मिनिटांचं भाषण नको. पोस्टवाला पावती हातात घेतो, तारीख मोठ्यानं वाचतो, मग पत्ता वाचतो, शेवटचे सहा आकडे एकेक करून. तेवढा वेळ कॅमेरा पावतीवर नाही, पेढीच्या मालकाच्या चेहऱ्यावर ठेवा. पावतीचा क्लोजअप त्याच्या आधीच कधीतरी दोन-तीन सेकंद दाखवून झालेला पाहिजे, म्हणजे ज्याला पकडायचंय तो परत मागे जाऊन बघेल.