थुंकी नको, बेडका हवा: टीबीच्या तपासणीत आणि उपचारात या चुका टाळा

तालुक्याच्या रुग्णालयात कफाच्या डब्या उघडायला लागून मला बावीस वर्षं झाली. तेव्हा हाताशी एक सूक्ष्मदर्शक होतं. निळ्या काचेवर लाल काड्या, म्हणजे टीबीचे जंतू, शोधत बसायचं, मान आखडली की चहा घ्यायचा, पुन्हा डोळा लावायचा. आता टेबलावर ट्रूनॅट आहे, गोव्यातल्या कंपनीचं, बॅटरीवर चालणारं यंत्र. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनंही ते मान्य केलं. जंतू आहे का हे ते तासाभरात सांगतं, आणि रिफाम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या नेहमीच्या मुख्य औषधाला, तो दाद देतो का हे आणखी तासाभरात. औषधंही पालटली. एमडीआर टीबीला, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला, पूर्वी दीड-दोन वर्षं गोळ्या असायच्या आणि त्यातले कित्येक महिने रोज सुई. आता चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स आहे.

चुका मात्र त्याच आहेत. यंत्र नवं आलं म्हणून त्याच्यात थुंकणारा माणूस नवा होत नाही.

डबीत थुंकणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि दोष निम्मा भाषेचा आहे. फलकावर लिहिलेलं असतं ‘थुंकी तपासणी’. माणूस वाचतो आणि इमानदारीनं थुंकतो. आम्हाला थुंकी नकोच असते, बेडका हवा असतो. छातीतून, खोलवरून खाकरून काढलेला, चिकट, पिवळसर. तोंडातल्या लाळेत टीबीचा जंतू सापडेलच असं नाही, कारण तो राहतो फुप्फुसात.

यावर हल्ली उत्तर मिळतं, “पण आता मशीन आहे ना?” आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू लागतात, सीबीनॅटला, म्हणजे ट्रूनॅटसारख्याच जंतूचा डीएनए शोधणाऱ्या दुसऱ्या यंत्राला, सव्वाशे-दीडशे पुरतात. फरक प्रचंड आहे. पण डबीत जंतूच आला नाही तर यंत्र काय स्वतःच्या पदरचा टाकणार? ते निगेटिव्ह म्हणतं आणि माणूस पेढे वाटायला मोकळा.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक मावशी आल्या. दीड महिना खोकला, वजन उतरलेलं, सोबत सून आणि सुनेच्या कडेवर आठ महिन्यांचं पोर. मी डबी दिली. दोन मिनिटांत परत आल्या. डबीत पाण्यासारखी लाळ, वर मिश्रीचा काळा तवंग. त्या दिवशी बाहेर रांग होती आणि नेत्रतपासणीचं शिबिरही त्याच व्हरांड्यात भरलं होतं. मी नमुना घेतला. परत पाठवायला हवा होता, तो घेतला. रिपोर्ट निगेटिव्ह. मावशी खोकल्याचं औषध घेऊन घरी गेल्या.

तीन आठवड्यांनी पुन्हा आल्या, पुन्हा तसाच नमुना. या वेळी मी विचारलं, “मावशी, घरी खोकला येतो तेव्हा बेडका पडतो का?” त्या गप्प. सून म्हणाली, “भाऊ, रात्री पडतो की. पण इथं बाप्यामाणसांच्या देखत त्या खाकरत नाहीत.” बावीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी शिकवलं नव्हतं ते त्या पोरीनं एका वाक्यात शिकवलं. मी त्यांना रुग्णालयामागच्या कडुलिंबाखाली पाठवलं, सुनेला लांब उभं राहायला सांगितलं आणि स्वतः आत येऊन बसलो. दहा मिनिटांनी जी डबी आली ती बघताच कळलं. काचेवर काड्याच काड्या. मधले तीन आठवडे ते पोर आजीजवळ झोपत होतं.

बाळाची तपासणी झाली, त्याला आजार नव्हता, प्रतिबंधक औषध सुरू केलं. ते बरं आहे. तरी त्या तीन आठवड्यांचा हिशेब माझ्या नावावर आहे.

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगतो. डबी आदल्या दिवशी घरी न्यायची. सकाळी उठल्यावर मिश्री, तंबाखू, चहा यांच्या आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची. अंगणात किंवा गच्चीवर उघड्या हवेत जायचं, संडासात नाही. दोनदा खोल श्वास घेऊन सोडायचा, तिसऱ्यांदा छाती भरून घ्यायची आणि पोटातून खोकायचं. चमचाभर, फार नको. झाकण घट्ट. आणि मी डबी उजेडात धरून बघितल्याशिवाय कुणाला जाऊ देत नाही. लाळ असेल तर परत पाठवतो. लोक चिडतात. चिडू देत.

खोकल्याला परस्पर लेव्होफ्लॉक्सासिन

“आधी साधा कोर्स करून बघू” हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेला माणूस थेट औषधाच्या दुकानात जातो आणि ‘स्ट्राँग काहीतरी’ मागतो. मिळतं लेव्होफ्लॉक्सासिन. कायद्यानं हे औषध एच-वन यादीत आहे. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, वेगळ्या वहीत नोंद करायची. ती वही किती दुकानांत उघडते हे तुम्हीच बघा.

गंमत अशी की या गोळीनं बरं वाटतं, कारण ती टीबीच्या जंतूलाही थोडी लागते. ताप उतरतो, खोकला कमी होतो, तपासणी लांबते. आतला जंतू मात्र अर्धवट मार खाऊन शहाणा होतो. तो शहाणा झाला की नव्या कोर्सवर घाला पडतो, कारण त्या चार औषधांतलं एक, मॉक्सिफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिनचंच भावंड आहे. एकाला न जुमानणारा जंतू बहुधा दुसऱ्यालाही जुमानत नाही, आणि मग डॉक्टरांच्या हातात चारातली तीनच उरतात. खोकल्यासाठी दुकानातून आणलेली पाच गोळ्यांची पट्टी स्वस्त नसते.

नवा कोर्स मधेच सोडणे

गोळ्या सोडू नका हे डॉट्सच्या, म्हणजे कुणाच्या तरी देखत गोळ्या घ्यायच्या, जमान्यापासून भिंतींवर रंगवलेलं आहे, त्यामुळे कुणी वाचत नाही. नव्या औषधांत सोडणं जुन्यापेक्षा का वाईट, ते फारसं कुणी समजावत नाही. म्हणून जरा सविस्तर.

कोर्सचं नाव बीपाल-एम: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. बेलारूस, उझबेकिस्तान आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या चाचणीत हा कोर्स घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्णांचा निकाल चांगला आला, जुन्या लांब उपचारांवर तो ५२ टक्के होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये त्याची शिफारस केली, आपल्या आरोग्य मंत्रालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली.

यातलं बेडाक्विलिन शरीरात हटवादीपणे मुक्काम करतं. अर्धं बाहेर पडायलाच सुमारे साडेपाच महिने लागतात. बाकीची तिन्ही औषधं दोन-चार दिवसांत निघून जातात. म्हणजे तुम्ही सगळं एकदम बंद केलंत तर पुढचे कित्येक महिने जंतूसमोर एकटं बेडाक्विलिन उरतं, तेही रोज थोडं थोडं कमी होत. टीबीच्या जंतूला एकट्या औषधाशी खेळायला फार आवडतं. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन एकटं दिलं तेव्हाही हेच झालं होतं: रुग्ण आधी सुधारले, मग जंतू औषधाला पचवून बसला.

आमच्याकडे एक टेम्पोवाला होता, वाशीला कांदा नेणारा, सव्विशीचा. कोर्स सुरू झाला, महिन्याभरात खोकला गेला, चेहऱ्यावर तेज आलं. तिसऱ्या महिन्यात तळपायांची आग व्हायला लागली. ती लिनेझोलिडची खूण, मज्जातंतूंवर होणारा परिणाम. सुरुवातीच्या एका चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम देत होते तेव्हा दहातल्या आठांना हा त्रास झाला. मग पुढच्या चाचणीत मात्रा ६०० वर आणली, तिथे तो साधारण चौघांतल्या एकाला झाला आणि गुण जवळपास तेवढाच आला. म्हणजे या त्रासावर इलाज आहे. डॉक्टर रक्त तपासतात, लिनेझोलिडची मात्रा कमी करतात किंवा काही दिवस थांबवतात, बाकीची औषधं कशी चालवायची तेही ठरवतात.

पठ्ठ्यानं कुणालाच सांगितलं नाही. क्लच दाबताना पाय कळत नाही हे सांगितलं तर गाडी जाईल ही भीती. सगळ्याच गोळ्या बंद केल्या. आशाताई फोन करायची तेव्हा “घेतो की ताई” म्हणायचा. पाकिटं टेम्पोच्या डॅशबोर्डमध्ये, आरसीबुकाखाली. पाच आठवड्यांनी खोकला परतला तेव्हा त्याच्या बायकोनं ती शोधून माझ्या टेबलावर आणून ओतली. कफात जंतू होता. कल्चर, म्हणजे कफातला जंतू वाढवून बघायची तपासणी, मोठ्या प्रयोगशाळेत गेलं आणि बेडाक्विलिन हातचं गेल्याचा निकाल आला. सहा महिन्यांचं काम अठरा महिन्यांवर गेलं. मी त्याला ओरडलो नाही. पण डबी देताना हात जरा जोरात आपटला असेल.

हे बेडाक्विलिन आपल्याला परवडावं म्हणून कोण लढलं तेही ऐका. मूळ कंपनीला पेटंट आणखी चार वर्षं वाढवून हवं होतं. मुंबईची नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले या दोघींनी त्याला हरकत घेतली. टीबीच्या जुन्या औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. भारतीय पेटंट कार्यालयानं मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला. डॅशबोर्डमध्ये सापडलेल्या पाकिटांकडे बघताना मला त्या दोघी आठवतात.

पायाची आग, डोळ्यांना रंग फिके दिसणं, धाप, छातीत धडधड, डोळे पिवळे होणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी सांगा. ईसीजी आणि रक्ततपासणी वेळच्या वेळी करा, ‘बरं वाटतंय तर कशाला’ म्हणून चुकवू नका. आणि रोज गोळी घेतली की कॅलेंडरवर फुली मारा. मोबाइलचा गजर लोक बंद करून झोपतात, भिंतीवरची रिकामी चौकट बायको बघते.

बाकीच्या, थोडक्यात

बरं झाल्यावर खात्रीसाठी खासगीत पुन्हा सीबीनॅट करणं. हे यंत्र जंतूचा डीएनए ओळखतं, जंतू जिवंत आहे की मेलेला हे त्याला कळत नाही. मेलेल्यांचे अवशेष कफात बरेच दिवस राहतात, रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि घरात रडारड. उपचारानंतरची खात्री सूक्ष्मदर्शकानं आणि कल्चरनं होते.

रक्ताच्या थेंबावर ‘टीबी कार्ड टेस्ट’. त्या चाचण्यांवर सरकारनं २०१२ मध्येच बंदी घातली. कुणी सुचवली तर उठून या.

लघवी नारिंगी झाली म्हणून गोळ्या बंद. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे, रक्त नव्हे.

रिफाम्पिसिन सुरू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबणं. त्यांचा असर कमी होतो, डॉक्टरांना दुसरा उपाय विचारा.

अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध किंवा लोहाची गोळी मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या जोडीनं गिळणं. पोटात दोन्ही चिकटतात आणि औषध रक्तात नीट उतरत नाही. किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून घ्या. बेडाक्विलिन मात्र जेवणासोबतच घ्या, उपाशीपोटी नाही.

ताट-वाटी वेगळी करणं. टीबी भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो. ताट एकच राहू दे, खिडकी उघडा.

खाण्याला दुय्यम समजणं. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना दरमहा धान्य-डाळ देऊन मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये तो छापून आला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. आणि आपल्याकडे लोक विचारतात, “ताकदीची बाटली कोणती घेऊ?” शेंगदाणे घ्या, डाळ घ्या, अंडी चालत असतील तर अंडी घ्या. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या रुग्णांना खाण्यासाठी सरकार देतं ते, महिन्याचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेचे हजार झालेत. खातं आधारला जोडलेलं आहे का ते बघा, कारण अडतं बहुतेक वेळा तिथेच.

मोबाइलवरची ‘टीबीवर लस आली’ ही बातमी. एम७२ नावाची लस आहे. आधीच्या चाचणीत ती सुमारे निम्म्या लोकांना वाचवते असं दिसलं, आणि २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तिची मोठी चाचणी सुरू झाली. गेल्या महिन्यात एक जण ‘आता लसच घेतो’ म्हणून गोळ्या थांबवायच्या विचारात होता. ही लस आजार होऊ नये म्हणून आहे, झालेला बरा करण्यासाठी नाही, आणि आपल्या दवाखान्यात ती नाही.

शेवटची चूक फक्त माझ्या सोयीची. शनिवारी दुपारी एकला, दार ओढताना, सकाळी सातला भरलेली डबी उन्हात तापलेल्या दुचाकीच्या डिकीतून आणू नका. सकाळी आणा. मी आठला बसलेला असतो.