डिव्हिडंड, बोनस, स्प्लिट: बातमी आली की काय बघायचं

ग्रुपवर मेसेज पडतो, अमुक कंपनी देणार ३०० टक्के डिव्हिडंड (नफ्यातला भागधारकांना मिळणारा वाटा), आणि लोक धडाधड शेअर घेत सुटतात. तुम्ही डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) उघडलंय, शेअर घेता-विकता येतो हे धरून चालतो.

१. मेसेज सोडा. एनएसई किंवा बीएसई या शेअर बाजारांच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून कॉर्पोरेट ॲक्शन्स (डिव्हिडंड, बोनस, स्प्लिटच्या घोषणा) उघडा.

२. टक्क्यांचे रुपये करा. हा टक्का शेअरच्या भावावर नसतो, फेस व्हॅल्यूवर म्हणजे शेअरच्या कागदोपत्री मूळ किमतीवर असतो. फेस व्हॅल्यू २ रुपये असेल तर ३०० टक्के म्हणजे ६ रुपये, संपलं. एमआरएफ बघा, शेअर लाखाच्या वर, फेस व्हॅल्यू १०, आणि ३० टक्के इंटरिम (वर्ष संपायच्या आधीच दिलेला) डिव्हिडंड म्हणजे शेअरमागे रोख ३ रुपये!

३. आता तारखा, आणि खरी गोची इथेच आहे. एका डिव्हिडंडला चार तारखा असतात, घोषणेची, एक्स-डेट (या दिवसापासून घेणाऱ्याला डिव्हिडंड नाही), रेकॉर्ड डेट (त्या दिवशी कंपनीच्या यादीत ज्याचं नाव, त्याला डिव्हिडंड) आणि पैसे मिळण्याची, आणि मला त्या बरेच दिवस एकमेकीत गुंतलेल्याच वाटायच्या कारण जो तो वेगळंच सांगायचा. तुम्ही फक्त एक्स-डेट धरा. एक्स-डेटच्या आदल्या ट्रेडिंग दिवशी बाजार बंद होईपर्यंत शेअर घेतलेला पाहिजे, एक्स-डेटला सकाळी सव्वानऊला घेतला तरी डिव्हिडंड तुमचा नाही, तो विकणाऱ्याचा. उलट आधीपासून शेअर असेल आणि एक्स-डेटला विकला तरी डिव्हिडंड तुम्हालाच.

"रेकॉर्ड डेटच्या दोन दिवस आधी घ्या" हा सल्ला अजून फिरतोय, तो टी प्लस टूच्या, म्हणजे घेतलेला शेअर दोन कामकाजाच्या दिवसांनी डीमॅटला यायचा त्या काळातला आहे. जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी प्लस वनवर आलेत, आज घेतला की पुढच्या कामकाजाच्या दिवशी डीमॅटला, त्यामुळे एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट आता साधारण एकाच दिवशी येतात. पण मध्ये सुट्टी आली की बोटावर मोजू नका, सोमवारची एक्स-डेट म्हणजे शुक्रवारीच खरेदी, आणि शुक्रवारी बाजार बंद असेल तर गुरुवारी.

एवढं करून तारीख बरोबर साधलीत तरी फक्त डिव्हिडंडसाठी शेअर घेऊ नका, हे मी ठासून सांगतो. हजाराचा शेअर, २० रुपये डिव्हिडंड. एक्स-डेटला भाव साधारण तेवढाच खाली उघडतो, म्हणजे ९८० च्या आसपास. हातात आलेले २० रुपये तुमच्या उत्पन्नात धरले जातात, एप्रिल २०२० पासून कर आपल्यालाच भरायचाय, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ६ रुपये तिथेच गेले, वर ब्रोकरेज. यात कमावलं कोणी? ब्रोकरने.

४. बोनस आणि स्प्लिट. १:१ बोनस म्हणजे एकावर एक फुकट, आणि भाव अर्धा. स्प्लिट म्हणजे शेअरचे तुकडे, १० फेस व्हॅल्यूच्या एका शेअरचे ५ चे दोन केले तरी तेच, फरक इतकाच की स्प्लिटमध्ये फेस व्हॅल्यू बदलते, बोनसमध्ये बदलत नाही. कंपनीची किंमत दोन्हीत जिथल्या तिथे. एक्स-डेटला ॲपवर तो शेअर ५० टक्के लाल दिसतो तेव्हा घाबरून विकू नका, भाव अर्धा झालाय पण नवीन शेअर अजून जमा व्हायचेत एवढंच. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या २०२४ च्या नियमानुसार बोनसचे शेअर रेकॉर्ड डेटनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत ट्रेडिंगला येतात.

५. पैसे ब्रोकरच्या ॲपमध्ये शोधत बसू नका, डीमॅटला जोडलेल्या बँक खात्यात थेट येतात. इंटरिम असेल तर घोषणेपासून ३० दिवसांत, फायनल असेल तर आधी एजीएममध्ये (भागधारकांच्या वार्षिक सभेत) मंजुरी लागते, म्हणून उशीर.

ते खाते बंद केलं असेल तर आजच डीमॅटला नवीन जोडा. सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नाही की पैसे तर जातातच, शेअरसुद्धा सरकारच्या आयईपीएफ फंडात जातात, वडिलांच्या जुन्या शेअरांचं बऱ्याच घरांत हेच झालेलं असतं. परत मिळतात, पण फॉर्म भरा, कागद कंपनीला पाठवा, मग वाट बघा, यात महिनोन्महिने जातात.