व्हीगन मेयोनीज: बाटली निवडताना आणि केकमध्ये घालताना या चुका टाळा

मालवण, गुहागर, दापोली, अलिबागकडच्या होमस्टेंमध्ये आता “आम्ही व्हीगन आहोत”, म्हणजे दूध, अंडं, मध असं प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाही, असं आधी कळवून येणारे पाहुणे असतात. घरगुती केक करणाऱ्यांनाही बिनअंड्याच्या जोडीने बिनदुधाच्या केकची विचारणा होते. दोन्ही ठिकाणी मेयोनीजची बाटली हाताशी येते. सँडविचला ती लागते, कच्च्या फणसाच्या कटलेटबरोबर लागते आणि केक मऊ राहावा म्हणून पिठातही पडते. मग तक्रारी सुरू होतात: पाव ओला झाला, केक मधोमध बसला, तळाला चिकट थर आला, व्हॅनिलाच्या केकला मोहरीचा वास आला. यातल्या बहुतेक तक्रारींचं उत्तर बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचं सांगतो, आणि आपल्याकडे शाकाहारात दूध येतंच. “एगलेस” किंवा “व्हेज” लिहिलेल्या कित्येक मेयोनीजमध्ये दूध पावडर किंवा दुधाचे घन पदार्थ असतात. व्हीगन पाहुण्याला ते चालत नाही, आणि दुधाची ॲलर्जी असणाऱ्याला तर ते त्रासदायकच ठरतं. कच्च्या अंड्यातल्या साल्मोनेला या जिवाणूच्या धोक्यामुळे केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. त्यामुळे “बिनअंड्याचं” हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. पण अंडं नको आणि दूध नको या दोन वेगळ्या मागण्या आहेत.

एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने व्हीगन पदार्थांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यानुसार चौकटीतलं हिरवं ‘व्ही’ अक्षर आणि त्यावरचं छोटं पान ही व्हीगनची खूण आहे. ती दिसली तर उत्तम. नसेल तर घटकांची यादी आणि तिच्या खालची ॲलर्जीची ओळ वाचा. तिथे दूध, दुधाचे घन पदार्थ, व्हे किंवा केसीन (हेही दुधातूनच येतात) किंवा मध असं काही लिहिलं असेल तर बाटली परत फडताळावर. जैन पाहुणे असतील तर लसूण आणि कांदा पावडरही बघा; व्हीगन खूण त्याबद्दल काहीच सांगत नाही. मोठ्या पाऊचमधून डब्यात काढलेलं सुटं मेयोनीज व्हीगन म्हणून कोणाला वाढू नका. लेबल गेलं की खात्री गेली.

दोन बाटल्यांची तुलना फक्त किमतीवर करणं

पोषणमूल्यांच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे एकूण फॅट किती, हा एक आकडा बाटलीबद्दल सगळ्यांत जास्त सांगतो. बाजारात २५ ग्रॅमपासून ७५ ग्रॅमपर्यंत काहीही सापडतं. ७० च्या आसपासचं मेयोनीज मुख्यतः तेलाचं असतं. ते जिभेवर वितळतं, चव रेंगाळते, पावावर पातळ थर पुरतो. ३० च्या आसपासच्या बाटलीत निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि ते पाणी घट्ट दिसावं म्हणून सुधारित स्टार्च आणि झँथन गम घातलेला असतो. यादीत ते आयएनएस १४४२ आणि आयएनएस ४१५ या क्रमांकांनी येतात; आयएनएस म्हणजे अन्नात मिसळायच्या पूरक पदार्थांचे ठरलेले क्रमांक. स्टार्च वनस्पतीतून येतो आणि झँथन गम जिवाणूंकडून साखर आंबवून बनवतात, घाबरायचं कारण नाही. पण असं मेयोनीज तोंडात थोडं खळीसारखं लागतं आणि त्याची साखर-व्हिनेगरची चव पुढे येते.

अंड्याच्या बलकातलं लेसिथिन तेल-पाणी एकत्र धरतं. बलक नसला की ते काम सोया किंवा मटाराचं प्रथिन, स्टार्च आणि गम यांच्याकडे जातं. काही परदेशी बाटल्यांत ॲक्वाफाबा, म्हणजे छोले शिजवलेलं पाणी, वापरलेलं असतं. प्रथिनावर धरलेलं मेयोनीज चवीला जास्त भरीव लागतं, फक्त स्टार्चवर धरलेलं सपाट. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पाणी तेलाच्या आधी आलं असेल, तर फॅटचा आकडा न बघताही काय ते समजा.

थंडगार मेयोनीज बोटाने चाटून चव ठरवणं

फ्रिजमधून काढल्या काढल्या सगळी मेयोनीज सारखीच आंबट-गोड लागतात. थंडीत तेलाचा वास दबतो, आणि खवटपणा नेमका तिथेच लपतो. दुकानात उन्हाच्या झळीत राहिलेली बाटली अशा चाचणीत सहज पास होते.

तुलना करायची तर प्रत्येकातलं दोन चमचे स्टीलच्या ताटलीत काढा, खाली नाव लिहा आणि अर्धा तास बाहेर ठेवा. मग आधी वास घ्या. जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर तेल खवट झालंय. ते कशातच वापरू नका. नंतर ताटली तिरकी करा. कडेला पाण्याची रेघ आली तर ते मेयोनीज सँडविचमध्येही पाणी सोडणार. शेवटी मीठ न घातलेल्या उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर प्रत्येकातलं थोडं थोडं चाखा, मध्ये कोमट पाणी प्या. बटाटा यासाठी की त्याला स्वतःची चव फारशी नसते, आणि मेयोनीजचा आंबटपणा, गोडवा, मोहरी सगळं वेगवेगळं कळतं.

केकसाठी वेगळी चाचणी लागते. पाव वाटी कडकडीत पाण्यात एक चमचा मेयोनीज ढवळा आणि लगेच हुंगा. ओव्हनमध्ये जो वास उठणार तो इथेच उठतो. लसूण किंवा मोहरी नाकात गेली तर ती बाटली केकसाठी नाही. तंदुरी, मिंट, पेरी-पेरी वगैरे चवींच्या बाटल्या तर हुंगायचीही गरज नाही.

आता केक

अंड्याच्या मेयोनीजचा केक चांगला होतो, कारण त्यात तेल, आंबटपणा आणि अंडं तिन्ही असतात. व्हीगन मेयोनीजमध्ये तिसरी गोष्ट नाही. तरीही “एका अंड्याऐवजी तीन चमचे मेयोनीज” हा हिशेब जसाच्या तसा वापरला जातो, आणि केक फुगून मधोमध बसतो. अंड्यातलं प्रथिन ओव्हनमध्ये घट्ट होऊन केकला उभं धरतं. स्टार्च आणि गम ओलावा धरतात, पण तेवढा आधार देत नाहीत. म्हणून व्हीगन मेयोनीजकडे तेल, पाणी आणि आंबटपणा यांचं तयार मिश्रण म्हणून बघा. अंड्यांवरच उभ्या असलेल्या स्पंज केकमध्ये ते घालू नका. सोड्यावर फुगणाऱ्या चॉकलेट केकमध्ये, केळ्याच्या केकमध्ये, मफिनमध्ये मात्र ते छान काम करतं.

दुसरी चूक कृतीतलं तेल-पाणी तेवढंच ठेवण्याची. बाटलीनुसार ते बदलावंच लागतं. ८ इंची गोल टिनच्या चॉकलेट केकसाठी कोरडं साहित्य हे: मैदा १९० ग्रॅम, साखर १९० ग्रॅम, कोको पावडर ३० ग्रॅम, खायचा सोडा सपाट १ टीस्पून. याला एकूण साधारण ७५ ग्रॅम तेल आणि २४० मिली पाणी लागतं.

बाटलीवर फॅट ३० ग्रॅम असेल तर १२० ग्रॅम मेयोनीज घ्या. त्यातून सुमारे ३६ ग्रॅम तेल आणि ७० मिली पाणी मिळतं. वर ४० ग्रॅम तेल आणि १७० मिली पाणी घाला. फॅट ७० ग्रॅम असेल तर ११० ग्रॅम मेयोनीज पुरे. त्यातच ७७ ग्रॅम तेल आलं, म्हणून वेगळं तेल शून्य आणि पाणी २२० मिली. दोन्ही केक चांगले होतात, पण पहिल्या बाटलीचं माप दुसऱ्या बाटलीला लावलं तर केक तेलकट होऊन बसतो. उलट केलं तर तेल कमी पडून रबरी.

व्हिनेगर वेगळं घालू नका. मेयोनीजमधलं ॲसिटिक ॲसिड सोड्याला पुरतं, आणि साधी कोकोही थोडी आंबट असते. सोडा मात्र वाढवू नका. जास्तीचा सोडा उरला की केकला साबणासारखी चव येते आणि रंग काळपट होतो. मीठही घालायचं नाही. बाटलीवरचा सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, त्याला २.५ ने गुणलं की मीठ निघतं. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, केकला तेवढं पुष्कळ झालं.

मेयोनीज, तेल, साखर आणि पाणी आधी नीट फेटून एकजीव करा. मेयोनीजच्या गुठळ्या राहिल्या तर भाजल्यावर तिथे पांढरट तेलकट ठिपके पडतात. चाळलेलं कोरडं साहित्य शेवटी घालून, मैदा दिसेनासा होईपर्यंतच ढवळा. मिश्रण लगेच टिनमध्ये. सोड्याचा जोर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वाया जाऊ द्यायचा नाही. १७५ अंशांवर ३० ते ३५ मिनिटं.

तळाशी चिकट थर येतो तो कमी फॅटच्या बाटलीत जास्त. त्यातल्या स्टार्चने पाणी धरून ठेवलेलं असतं आणि काडी कोरडी निघाली तरी तळ कच्चा असू शकतो. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश दिसल्यावरच बाहेर काढा. नसेल तर काडी कोरडी निघाल्यावर आणखी ४ मिनिटं. आणि गरम कापू नका. पूर्ण निवल्याशिवाय आतलं स्टार्च बसत नाही. पावसाळ्यात निवलेला केक उघडा ठेवला तर वरचा भाग तासाभरात चिकट होतो, तेव्हा जाळीवर निववून लगेच डब्यात.

नानकटाईत मेयोनीज घालण्याचे प्रयोग करू नका. नानकटाईचा खुसखुशीतपणा पाणी नसण्यावर अवलंबून आहे. मेयोनीजमधल्या पाण्याने मैद्याला चिवटपणा येतो आणि ती कडक होते. तिला पाणी नसलेलं वनस्पतिजन्य स्निग्धच हवं. रव्याच्या केकचं उलट आहे. रवा पाणी पितो, म्हणून कमी फॅटची बाटली तिथे उत्तम बसते. फक्त मिश्रण २० मिनिटं मुरू द्या आणि सोडा त्यानंतरच घाला.

कोकणातल्या चवी मिसळताना दोन गोष्टी सांभाळा. पाण्याऐवजी नारळाचं दूध घ्यायचं तर दुसऱ्या पिळणीचं पातळ घ्या. पहिल्या दाट दुधाने तेलाचा हिशेब कोलमडतो. आणि सोडा असलेल्या मिश्रणात कोकम आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घालू नका. आम्लात लाल दिसणारा कोकमाचा रंग सोड्याबरोबर निळसर-करडा होतो, आणि आगळातलं मीठ वर येतं ते वेगळंच. तेच आगळ कटलेटबरोबरच्या मेयोनीजमध्ये मात्र सुंदर लागतं: १०० ग्रॅमला १ टीस्पून, त्याहून जास्त नाही, नाहीतर ते पातळ होऊन खारट लागतं. व्हीगन पाहुण्याला गोड द्यायला दरवेळी केकच हवा असंही नाही. तवसं (मोठी काकडी), तांदळाचा रवा, गूळ आणि ओलं खोबरं घातलेलं धोंडस तुपाऐवजी खोबरेल लावलेल्या भांड्यात केलं की झालंच.

ओलं सँडविच, तुपकट टोस्ट

पाव ओला होतो तो मेयोनीजबरोबरच काकडी-टोमॅटोच्या पाण्यानेही. काकडीला मीठ लावून १० मिनिटांनी पिळून घ्या आणि मेयोनीज पावाला लावा, भाजीत कालवू नका. कमी फॅटच्या बाटलीचं सँडविच तासाभरात संपवायचं असेल तरच करा.

ग्रिल करायचं असेल तर निवड उलटी होते. जास्त तेलाचं मेयोनीज तव्यावर फुटतं आणि पावातून तेल गळतं. स्टार्चवालं जागेवर राहतं. खात्री हवी तर गरम तव्यावर चमचाभर मेयोनीज टाकून मिनिटभर बघा.

उघडलेली बाटली आणि गेलेली वीज

न उघडलेली बाटली बाहेर चालते, पण उन्हात नाही. उघडल्यावर फ्रिजमध्ये, आणि लेबलवर लिहिलेल्या मुदतीतच संपवायची. आतल्या आम्लामुळे आणि आयएनएस २११ किंवा २०२ या परिरक्षकांमुळे साधं मेयोनीज काही तासांच्या वीज जाण्याने बिघडत नाही. बिघडतं ते त्यात कालवलेलं: उकडलेला बटाटा, कोथिंबीर, कांदा. असं मिश्रण मे महिन्याच्या उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलं तर टाकून द्या, आणि फ्रिजमध्येही दुसऱ्या दिवसाच्या पुढे नेऊ नका. खरकटा चमचा बाटलीत जाऊ देऊ नका. पाऊच फुगला असेल तर चाखूनही बघू नका.

फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटून ठेवलेली बाटली गोठते आणि बाहेर काढल्यावर तेल वेगळं होतं. फक्त वर पाणी सुटलं असेल तर ढवळलं की पुरतं. तेल फुटलं असेल तर भांड्यात १ टीस्पून मोहरीची पेस्ट आणि १ टीस्पून कोमट पाणी घेऊन त्यात फुटलेलं मेयोनीज चमच्या-चमच्याने फेटत घाला. जास्त तेलाचं बहुधा पुन्हा जुळून येतं. स्टार्चवालं एकदा गोठलं की रवाळ राहतं. त्याला खवट वास नसेल, तर ते वर दिलेल्या चॉकलेट केकच्या मिश्रणात वजन करून घाला, तिथे ते तसंही फेटलंच जाणार आहे.