भावकीचे लाइक वजा करून

लातुरात वाढलेल्या पोराला मार्क म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. निकाल लागला की ट्यूशन एरियातल्या होर्डिंगवर फोटो चढतात, खाली गुण. मी डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा त्या होर्डिंगांखालून मान खाली घालून गेलो. मग औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात मामाच्या जुन्या फोनवर व्हिडिओ काढायला लागलो. आज चार कृषी सेवा केंद्रांची, एका डेअरीची आणि एका अवजारवाल्याचं अशी सोशल मीडियावरची पेजेस सांभाळतो, स्वतःचं एक आहेच. या कामात नवीन येणारी पोरं-पोरी पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला, "दादा, फॉलोअर किती लागतात?"

म्हणजे परत मार्कच.

खरं तर शंभरपैकी मार्क देऊन बघणारेही होऊन गेले. क्लाउट नावाची अमेरिकी कंपनी २००८ साली निघाली. तुमची सगळी खाती चाळून ती १ ते १०० मध्ये एक आकडा द्यायची, हाच तुमचा प्रभाव म्हणून. एके काळी तिच्याकडे गायक जस्टिन बीबरला पैकीच्या पैकी होते आणि अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा त्याच्या खाली! पुढे हिशेबाची पद्धत बदलून त्यांनी ते उलटं केलं. २०१४ मध्ये कंपनी विकली गेली, २५ मे २०१८ ला बंद झाली. मी हे वाचलं तेव्हा आधी हसू आलं, मग आपला नीटचा स्कोअर आठवला. कोणाचं कोणावर किती चालतं हे एका आकड्यात बसत नाही. बीबरच्या सांगण्यावरून आमच्या आळीत कोणी खत बदललं नसतं.

आता माझी चूक. २०२२ मध्ये माझे ६,२०० फॉलोअर होते. पुण्यातली एक जाहिरात एजन्सी म्हणाली, दहा हजार झाले की काम देऊ. मी काही हजार रुपये मोजून ५,००० फॉलोअर विकत घेतले. आठवड्यात ११,२०० झाले, घरी पेढे आणले. एजन्सीच्या मॅडमनी फॉलोअर पाहिलेच नाहीत. म्हणाल्या, "ऑडियन्सचा स्क्रीनशॉट पाठवा." त्यात शहरांच्या यादीत लातूर तिसरं. वर जकार्ता आणि साओ पावलो. सोयाबीनच्या पेजला! काम गेलं ते गेलंच.

त्याच्या जोडीला एंगेजमेंटचं, म्हणजे शंभर फॉलोअरमागे किती प्रतिसाद येतात त्याचं, गणितही बिघडलं. पोस्टला सरासरी ३१० प्रतिसाद येत होते, म्हणजे लाइक, कमेंट, सेव्ह, शेअर धरून. ३१० भागिले ६,२०० गुणिले १००, म्हणजे ५ टक्के. विकतचे आल्यावर प्रतिसाद ३१०च राहिले आणि टक्का आला पावणेतीनवर. मुके फॉलोअर भाजकात बसतात, भाज्यात नाही. पाचवीचं गणित, पण मला पैसे घालवून कळलं.

म्हणून भागायचं कशाने, हे आधी ठरवा. फॉलोअरने भागलं तर दुसऱ्याच्या पेजशी तुलना करता येते, कारण त्याचे फॉलोअर बाहेरून दिसतात. स्वतःचं काम तपासायचं असेल तर रीचने भागा, म्हणजे पोस्ट प्रत्यक्ष किती जणांपर्यंत गेली त्याने. रीच इनसाइट्समध्ये, म्हणजे अॅपमधल्या आकडेवारीच्या पानावर मिळते आणि त्यासाठी इन्स्टाग्रामचं खातं प्रोफेशनल करावं लागतं. ते फुकट आहे, आजच करा. व्ह्यूजने मात्र भागू नका. एकच माणूस रील तीनदा बघतो, व्ह्यू तीन होतात. यूट्यूबवर तर ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता चालू झाला तरी व्ह्यू धरतात, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून कोणी प्रगती दाखवत असेल तर तारखा विचारा.

आणि सुरुवातीचा टक्का बघून हुरळू नका. माझ्या पहिल्या दोनशे फॉलोअरमध्ये निम्मी भावकी होती. काका, मावशी, दाजी, शाळेतले मित्र. मी विहिरीच्या कठड्याचा फोटो टाकला असता तरी लाइक आलं असतं. पहिले सहा महिने मी भावकीचे लाइक वहीत वेगळे लिहून वजा करायचो. मामा म्हणायचा, "कामून वजा करायलास रे, लाइकच हाय की ते बी."

वही खरीच वही आहे, दोनशे पानी. तिच्यातली दोन पानं सांगतो.

एक रील येळवशीची. आमच्याकडे वेळ अमावस्येला अख्खा जिल्हा रानात जेवायला जातो. आंबिलीचं बिंदगं, भज्जी, कडब्याची कोप. रीच १ लाख ८० हजार, प्रतिसाद ९,२००, टक्का ५.१. कमेंट जवळजवळ सगळ्या पुण्या-मुंबईतून, "गावाची आठवण आली."

दुसरी रील जूनच्या तोंडावरची. चेहरा नाही, नुसते हात. ओल्या बारदान्यावर सोयाबीनचे शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळीत. गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, आठवड्याने उघडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर घरचं बी पेरायला चालतं. रीच फक्त ९,४००. लाइक २१०, कमेंट ६२, सेव्ह ३९०, शेअर ५१८. बेरीज ११८०, टक्का साडेबारा. बासष्ट कमेंटमध्ये चाळीसच्या वर प्रश्न होते, "कोंब वाकडा आला तर धरायचा का", "पाणी किती". 'छान माहिती' आणि हात जोडलेले इमोजी मी मोजतो, पण प्रश्नांचा रकाना वेगळा ठेवतो. त्या आठवड्यात माझ्या एका दुकानदाराकडे बीजप्रक्रियेचं औषध विचारायला माणसं आली. रील बघून आलो म्हणणारी एकोणीस, त्याने काउंटरवर खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या. येळवशीच्या रीलने असं कोणी आलं नाही, आणि यायचं कारणही नव्हतं. ती रील मला आवडते, दर वर्षी करणार. पण दुकानदाराला बिल लावताना दाखवतो ती दुसरी.

शेअरला मी एवढं वजन देतो त्याला आधार आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं, की रँकिंगमध्ये, म्हणजे कोणाला काय दाखवायचं हे ठरवताना, तीन गोष्टी जास्त मोजल्या जातात: किती वेळ बघितलं, लाइक आणि पाठवणं. ओळखीच्यांपर्यंत जायला लाइक जरा जास्त कामाचं, अनोळखींपर्यंत जायला पाठवणं. आपल्या भागात तर माणूस कमेंट करायला लाजतो. चार लोकांत आपलं अज्ञान कशाला दाखवा? तो गुपचूप भावाला पाठवतो.

तुलना हंगामाशी हंगामाची करा. शेतीच्या पेजला जून आणि फेब्रुवारी एका तराजूत घालाल तर फेब्रुवारीत उगाच आजारी पडाल. मीही पडलो होतो.

पैशाचं थोडक्यात. पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर जाहिरात असल्याचं लिहा, जाहिरात मानक परिषदेची म्हणजे एएससीआयची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून आहेत. फुकट मिळालेला फवारणी पंप हेही उत्पन्नच. वर्षात वीस हजारांवर वस्तू मिळाल्या तर १० टक्के टीडीएसचा, म्हणजे देणाऱ्यानेच आधी कर कापायचा, नियम १ जुलै २०२२ ला आला. यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्राइबर हवेतच, आणि सोबत वर्षात ४,००० तास बघणं किंवा नव्वद दिवसांत शॉर्टचे एक कोटी व्ह्यूज. पहिल्या वर्षी त्याच्या भरवशावर गाडीचा हप्ता काढू नका.

मागच्या पेरणीला लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात एका दुकानासमोर थांबलो होतो. शेजारी एक म्हातारे बाबा दुसऱ्याला फोन दाखवत होते. वाकून बघितलं तर माझेच हात, माझाच बारदाना. व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ, वर भलत्याच पेजचं नाव चिकटवलेलं. मी मुद्दाम विचारलं, "बाबा, हे खरं असतंय का?"

"मंग! ते पोरगं बराबर सांगायलंय. मी शंभर टाकले, ब्याऐंशी आले," म्हणाले, आणि मला बारदाना किती ओला ठेवायचा ते नीट समजावून सांगितलं.

हे कुठल्याच इनसाइट्समध्ये येत नाही. घरी येऊन वहीत 'बाहेरचे' असा नवा रकाना आखला आणि खाली लिहिलं: १.